भरल्या गाडीला वाट

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या पुतण्याने माझ्यापुढे एक स्मरणिका ठेवली आणि म्हटले, "काका, यातला माझा लेख वाचा, आणि खरे काय वाटले ते सांगा." तो अमरावतीला नोकरी करतो आणि रविवारी पहाटे गियरची सायकल घेऊन वडाळीपलीकडच्या रानात जातो. त्याच्यासारखीच दहाबारा पोरे जमून त्यांनी एक मंडळ काढले आहे आणि मंडळ काढल्यावर मराठी माणूस जे करतो तेच त्यांनीही केले आहे, म्हणजे स्मरणिका छापली आहे. मी अकोल्याचा. शाळेत मराठी शिकवण्यात पस्तीस वर्षे घालवली. 'खरे सांगा' असे म्हणणाऱ्या लेखकाला काय ऐकायचे असते, हे मला ठाऊक आहे. घरची सून चकलीचे ताट पुढे ठेवून 'कशी झाली?' असे विचारते, तेव्हा तिलाही टीकालेख नको असतो. पण सुनेपुढे गप्प बसणारा मी पुतण्याच्या लेखापुढे गप्प बसू शकलो नाही. त्याचे कारण सांगण्यासाठीच हा खटाटोप.

आधी त्या लेखातले चांगले सांगतो. लेख सहा पानांचा आहे. पहाटेच्या काळोखात घराचे फाटक वाजू नये म्हणून पुतण्याने केलेली धडपड, अमरावतीच्या झोपलेल्या रस्त्यांवरून दिव्यांच्या उजेडात धावणाऱ्या सायकली, वडाळीच्या तलावावरून येणारा गार वारा, हे सारे त्याने नेटके टिपले आहे. चढावर दम लागतो तेव्हा माणसाला स्वतःच्या छातीचे ठोके कानात ऐकू येतात, हे त्याने साध्या शब्दांत लिहिले आहे. तेवढे वाक्य वाचून मी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. जो अनुभव आपला असतो तो शब्द शोधत बसत नाही. शब्द त्याला शोधत येतात.

तिसऱ्या पानापासून मात्र लेखाची चाल बदलते. रान सुरू होते आणि भाषा उसनी होऊ लागते. 'निसर्गाच्या कुशीत' हा शब्दप्रयोग दोनदा येतो. 'स्वतःला नव्याने भेटणे' येते. आणि मग हे वाक्य येते की, उताराला लागलो तेव्हा ती वाट 'निर्मनुष्य' होती, समोर फक्त मी, माझी सायकल आणि एक काळा खडक, ज्यावरून मी पक्ष्यासारखा हवेत झेपावलो. लेखाचा तो कळस आहे. स्मरणिकेत त्याच झेपेचे छायाचित्रही आहे. खाली खडक, वर सायकल, मागे सागाची पाने, आणि माणसाचा कुठे मागमूस नाही.

आता अडचण अशी की त्या दिवशी मी तिथे होतो.

मी अर्थात पायी होतो. पोट्टे पुढे गेले होते आणि मी काठी टेकत मागून येत होतो. उताराच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा समोरून एक बाई मोळी घेऊन चढत होती. वय पन्नाशीच्या पुढचे, डोक्यावर लाकडांचा वीतभर जाड चार बिंडांचा भार, एका हाताने तो सावरलेला, दुसऱ्या हातात कोयता. वरून सायकली सुटल्या. पहिल्या दोघांनी ओरडून सांगितले, तेव्हा ती बाजूला झाली. तिसरा माझा पुतण्या. तो वळणावरून निघाला तो आवाज न करताच, कारण या सायकलींना घंटी नसते. बाई दचकून घाणेरीच्या जाळीत शिरली आणि मोळी डोक्यावरून निसटून वाटेखाली पडली. पुतण्या खडकावरून झेपावून गेला. त्याने तिला पाहिले नसेल असे मला म्हणवत नाही. पुढे जाऊन तो थांबला आणि मागे वळून त्याने हात वर केला. माफीचा हात असतो तसा. मग पाठीमागच्यांना वाट मोकळी करायची म्हणून तो निघून गेला.

मी बाईला मोळी बांधायला दोरी धरू लागलो. तिच्या दंडावर काट्यांचे ओरखडे उठले होते. "लागलं का बाई?" असे मी विचारले, तर म्हणाली, "मले काई नाई झालं भाऊ. पन हे पोट्टे कोठी जाऊन राह्यले एवढ्या घाईनं? पुढं त काईच नाई."

हे शेवटचे वाक्य मी घरी येईपर्यंत विसरलो नव्हतो. आणि दोन महिन्यांनी मी जेव्हा 'निर्मनुष्य' हा शब्द छापलेला पाहिला, तेव्हा मला ते पुन्हा आठवले.

मी पुतण्याला म्हटले, "लेख चांगला आहे, पण त्यातली बाई कुठे गेली?" तो थोडा वरमला. मग त्याने जे उत्तर दिले ते मात्र टाकाऊ नव्हते. तो म्हणाला, "काका, लेख सायकलीवर आहे, मोळीवर नाही. तुम्हीच शाळेत शिकवत होता ना की सगळे सांगायचे नसते, निवडायचे असते? पहाटे साडेपाचपासून दहापर्यंत जे जे दिसले ते सगळे लिहिले असते तर तो पंचनामा झाला असता."

शिष्याने गुरूचे शस्त्र गुरूवरच चालवले, याचा आनंद मला झाला. त्याचा मुद्दा खराच आहे. वाङ्मय म्हणजे निवड. चित्रकार झाडाचे प्रत्येक पान काढत नाही. पुतण्याने बाईविषयी एक अक्षरही न लिहिता केवळ आपल्या छातीच्या ठोक्यांवर लेख संपवला असता, तर मी काही बोललो नसतो. पण त्याने 'निर्मनुष्य' असे लिहिले. न सांगणे ही निवड झाली. नव्हते असे सांगणे ही पुसणी झाली. आणि माझ्या मते टीकाकाराने लेखकाला अनेक गोष्टींची सूट द्यावी, या एका गोष्टीची देऊ नये.

पण एकट्या पुतण्याला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. हा शब्द त्याने स्वतः शोधलेला नाही. तो त्याला आयता मिळाला आहे. कोठून मिळाला, हे पाहू लागलो तर आपल्या साऱ्या अभिरुचीचाच इतिहास उलगडू लागतो.

विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने १८२२ साली प्रवासाला निघण्यावर एक निबंध लिहिला. त्यात त्याने फिरायला जावे तर एकट्यानेच, असा आग्रह मांडला. खोलीत त्याला माणसे चालत, उघड्या रानात नकोत. पुढे स्टीव्हन्सनने १८७६ मध्ये पायी सहलींवर लिहिताना हाच सूर धरला. आपल्याकडे फडके आणि काणेकर यांनी १९३० नंतर लघुनिबंध रुजवला, तो या इंग्रजी घरंदाजीचे संस्कार घेऊनच आला. सायंकाळी एकट्याने दूर फिरायला जाणारा, मनाशी गुजगोष्टी करणारा 'मी' आपल्याला तेव्हापासून परिचयाचा झाला. मी त्या निबंधांवर वाढलो आहे आणि त्यांचे ऋण मानतो. पण त्या 'मी'ला एकांत मिळावा म्हणून वाटेवरच्या बाकीच्यांनी बाजूला व्हावे लागते, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या पुतण्याच्या सायकलीचा जन्मही अशाच एका कथेतून झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मॅरिन नावाचा परगणा आहे. तिथल्या टमाल्पाईस डोंगराच्या परिसरात १९७० नंतरच्या काही वर्षांत तरुण पोरे भंगारातल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली दुरुस्त करून उतारावरून सोडू लागली. १९७६ साली त्यांनी एका उतारावर शर्यत लावली. तिचे नाव 'रिपॅक'. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतले वंगण जळून धूर व्हायचा आणि खाली पोहोचल्यावर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी सांगाडा बनवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकलींचे दुकान थाटले. या छंदाला त्यांनी साहित्यही दिले. १९८० पासून १९८७ पर्यंत 'फॅट टायर फ्लायर' नावाचे छोटेखानी नियतकालिक केलीने चालवले. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला. आपल्याकडे याच घराण्यातल्या सायकलीला पोरे बरीच वर्षे 'रेंजर' म्हणत आणि आता नुसते 'गियरवाली' म्हणतात.

या कथेत डोंगर नेहमी मोकळा दिसतो. प्रत्यक्षात तो डोंगर मोकळा नव्हता. सॅन फ्रान्सिस्को शहराला लागून असल्यामुळे त्याच्या वाटांवर पायी फिरणारे होते, घोडेस्वार होते, म्हातारे होते, पोरे होती. तक्रारी झाल्या. अरुंद पायवाटांवर सायकलींना बंदी आली. रुंद वाटांवर ताशी पंधरा मैलांची, म्हणजे चोवीस किलोमीटरची मर्यादा आली, आणि आंधळ्या वळणावर पाच मैलांची. १९८८ साली सायकलस्वारांनीच आपली संघटना काढली आणि आपल्या लोकांना शिकवायला घेतले की चाकाने पायाला वाट द्यावी, दोघांनी घोड्याला द्यावी, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यावी. म्हणजे ज्या छंदाने एकांताची कथा सांगितली, त्याला वीस वर्षांच्या आत गर्दीचे व्याकरण लिहावे लागले. पुतण्यापर्यंत कथा पोहोचली. व्याकरण समुद्रापलीकडेच राहिले.

हे व्याकरण आपल्याला बाहेरून आणायची गरज होती का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला, तेव्हा मला वऱ्हाडच आठवला. मराठी गद्याने चालायला सुरुवात केली ती याच मातीत. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामी गावोगाव हिंडले. त्या हिंडण्यातल्या आठवणी गोळा करायला म्हाइंभटही हिंडले. ज्याने जे पाहिले ते त्याला विचारायचे, अशी त्यांची रीत. महानुभावांच्या आचारात 'अटन' आणि 'विजन' असे दोन शब्द शेजारी शेजारी नांदतात. अटन म्हणजे हिंडणे, विजन म्हणजे एकांतात बसणे. या दोन शब्दांच्या शेजारात मला फार मोठे शहाणपण दिसते. एकांत हवा असेल तर बसावे. हिंडू लागलात की माणसे भेटणारच. त्याच रिद्धपूरच्या गल्ल्यांतून गोविंदप्रभू हिंडत. त्यांचे चरित्र वाचा. एका लहानशा गावाच्या वाटा, अंगणे, पाणवठे, बाजार यांतून चालणाऱ्या एका माणसाची ती कथा आहे आणि तीत पानोपानी कोणी ना कोणी आडवे येते. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. तिथल्या तरुण अभ्यासकाने 'गर्दीची वाट' एवढाच विषय घेऊन हे ग्रंथ पुन्हा वाचावेत, असे मला फार वाटते.

गो. नी. दांडेकरांचा जन्म १९१६ मध्ये परतवाड्याचा. पोरवयात घर सोडून ते निघाले, गाडगे महाराजांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. दुर्गांवर प्रेम करायला त्यांनी महाराष्ट्राला शिकवले. पण त्यांच्या वाटेवर केवळ गड आणि वारा नसतो. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' घ्या, किंवा वऱ्हाडी बोलीत भिजलेली 'पूर्णामायची लेकरं' घ्या, तिथे पावलोपावली माणूस उभा असतो आणि तो स्वतःच्या भाषेत बोलतो. त्यांच्या मागून आलेल्या अनुकरण करणाऱ्यांनी गड उचलला, वारा उचलला, पण माणूस पायथ्याशीच ठेवला. मारुती चितमपल्ली आपल्यातून २०२५ च्या जूनमध्ये गेले. वनखात्यात आयुष्य घालवलेल्या या लेखकाला रानातला एकांत अर्थातच परिचयाचा होता. तरीही त्यांच्या 'रानवाटा'कारांच्या लेखणीला पक्ष्याचे आणि झाडाचे नाव रानातल्या माणसाकडून विचारून घेण्यात कधी कमीपणा वाटला नाही. रान म्हणजे बिनमाणसांची जागा, ही समजूत शहराची आहे. रानात राहणाऱ्याची ती कधीच नव्हती.

आणि गाडगेबाबा तर स्वतः एक चालता ग्रंथच. ते वाटेने जात तेव्हा त्यांच्या हातात खराटा असे. दुसऱ्याच्या पायाखालची वाट झाडून आपण पुढे जायचे, ही त्यांची चालण्याची रीत. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले तेही अमरावतीकडे येताना, वलगावजवळ, वाटेवरच. ज्या शहरात त्यांची समाधी आहे त्या शहराच्या पोरांनी वाटेचे व्याकरण कॅलिफोर्नियाकडून शिकावे, यात मला गंमतही वाटते आणि थोडे वाईटही वाटते.

पण या विषयावरचे माझे खरे मानदंड पुस्तक वऱ्हाडाबाहेरचे आहे. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तला 'वाटचाल' हा लेख. पंढरीच्या वारीत त्या चालल्या. वारी म्हणजे महाराष्ट्रातली सर्वांत गर्दीची वाट. तिथे भक्तिभावाने ओथंबून लिहिणे सोपे होते आणि त्या ओथंबल्याही. पण दिंडीत दिवसभर एकत्र चालणारी, एकत्र गाणारी माणसे जेवायच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांच्या डोळ्यांनी पाहिले आणि लेखणीने लिहिले. त्या उल्लेखाने लेखाचा आनंद उणावतो का? मला तर उलट अनुभव येतो. ज्या लेखिकेने मला खुपणारे सांगितले, तिचा आनंदही मी निःशंकपणे खरा मानतो. पुतण्याच्या लेखात नेमके हेच घडत नाही. 'निर्मनुष्य' हा एक शब्द खोटा आहे हे कळल्यापासून त्याच्या छातीच्या ठोक्यांवरही माझा विश्वास अर्ध्याने कमी झाला. लेखकाने हे लक्षात ठेवावे की वाटेवरच्या माणसाला पुसल्याने त्या माणसाचे फारसे बिघडत नाही. ती बाई दुसऱ्या दिवशीही मोळी आणायला गेलीच असेल. बिघडते ते लेखकाचे.

इथपर्यंत लिहून मी लेखणी खाली ठेवली होती. शिक्षकाला दुसऱ्याच्या वहीतल्या चुका काढून झाल्यावर जे समाधान मिळते, ते मला मिळाले होते. पण दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची एक पेटी खाली निघाली, आणि तिच्यात माझाच एक जुना लेख सापडला. साल १९७८. आम्ही चार मित्र अकोटकडून नरनाळ्याला गेलो होतो, त्यावर एका स्थानिक नियतकालिकात मी लिहिले होते. महादरवाज्याचे कोरीवकाम, शक्कर तलाव, नऊगजी तोफ, सारे होते. आणि लेखाच्या मध्यावर माझ्याच अक्षरांनी छापलेले वाक्य होते की त्या एकाकी किल्ल्यावर आम्हा चौघांखेरीज कोणी नव्हते.

पाचवा होता. पायथ्याच्या शहानूरचा एक माणूस आमची पाण्याची भांडी आणि शिधा खांद्यावर घेऊन आमच्यापुढे चालत होता. तलावाकडे जाणारी वाट त्यानेच दाखवली. चुलीसाठी काटक्या त्यानेच गोळा केल्या. त्याने आमच्याबरोबर भाकरीही खाल्ली. त्याचा चेहरा मला आज आठवतो. नाव मात्र मी त्या दिवशी विचारलेच नव्हते. इतकी वर्षे मी वर्गात पोरांना निवडीचे तत्त्व समजावत होतो आणि माझ्या पेटीत हा पुरावा पडून होता. पुतण्याने हात तरी वर केला होता. मी तोही केला नव्हता.

तो लेख मी पुतण्याला वाचायला दिला. तो वाचून हसला नाही. याबद्दल मी त्याचा आभारी आहे.

मग आम्ही दोघे वाटेच्या गोष्टी बोलत बसलो. मी त्याला माझ्या लहानपणीच्या गाडीवाटेची रीत सांगितली. आमच्या गावाला दोन चाकोऱ्यांची एकच वाट होती. समोरासमोर दोन बैलगाड्या आल्या की रिकामी गाडी चाकोरीतून उतरायची आणि भरली गाडी सरळ जायची. कोण पाटील आणि कोण मजूर, हे तेव्हा पाहिले जात नसे. ओझे पाहिले जाई. अकोल्यात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे कावडी येतात, तेव्हाही मी हेच पाहतो. अनवाणी पोरे खांद्यावर भार घेऊन रात्रभर चालतात, आणि एरवी कर्णे वाजवत कोणाला न जुमानणारे आमचे शहर त्या रात्री भरल्या कावडीला वाट देते. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, हा मॅरिनचा नियम ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणजे आपलेच झाले की, काका. भरल्या गाडीला वाट." मी म्हटले, "आणि मोळी म्हणजे भरली गाडीच."

या वाटांचा प्रश्न आता लहान राहिलेला नाही, म्हणूनही मी एवढे लिहितो आहे. अमरावतीला वडाळी आणि छत्री तलाव हे इंग्रजी अमदानीत शहराच्या पाण्यासाठी झालेले तलाव. आज त्यांच्या काठी सकाळ-संध्याकाळ सारे शहर लोटते. अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या सावलीच्या रस्त्यांवर पहाटे चालणारे, धावणारे, सायकलवाले एकमेकांच्या पायात येतात. पोहऱ्याच्या रानाला शहर भिडले आहे; वडाळीकडे आणि अमरावती विद्यापीठाच्या आवारात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात. म्हणजे त्या वाटेवर मोळीवाली आहे, गुराखी आहे, सीताफळे तोडणारी पोरे आहेत, फिरायला आलेले पेन्शनर आहेत, सायकलवाला आहे आणि रात्री बिबट्याही आहे. व्यायामाची परंपरा या शहराला नवी नाही. श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून इथे आहे आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे आपले देशी खेळ दाखवून आले आहे. त्या आखाड्यात एकच माती साऱ्यांच्या अंगाला लागते. तिथे कोणी 'निर्मनुष्य' म्हणत नाही. सायकलीच्या या नव्या छंदालाही शहराने जागा द्यावी असेच मी म्हणेन. पोरांनी घरात मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा पहाटे डोंगर चढणे केव्हाही चांगले. फक्त त्यांच्या सायकलीला घंटी असावी. आमच्या तरुणपणी सायकलीला दिवा नसला तर पोलीस अडवत आणि घंटी नसली तर घरची वडील माणसे अडवत. अनोळखी माणसाशी सायकल जो पहिला शब्द बोलते, तो घंटीचा असतो. तो न बोलता शेजारून निघून जाणे हा असभ्यपणा आहे.

आश्विनाच्या सुरुवातीच्या एका रविवारी पुतण्या मला पुन्हा त्या वाटेवर घेऊन गेला. सायकल हातात धरून तोही पायीच आला. दोन तास बसलो आणि ती बाई आली. मोळी डोक्यावर, कोयता हातात. उतारावरच्या त्या काळ्या खडकाशी ती आली आणि पाठ वळवून, गुडघे न वाकवता, मोळी तिने अलगद खडकावर टेकवली. खडक बरोबर तिच्या खांद्याच्या उंचीचा होता. मग पदराने तोंड पुसत ती आमच्याकडे वळली. पुतण्याने तिची माफी मागितली. ती त्याला ओळखू शकली नाही. तिच्या लेखी टोप घातलेली सारी पोट्टी सारखीच.

"रोज इथंच थांबता काय?" मी विचारले.

"हो नं भाऊ. इसाव्याचा गोटा म्हनतो आमी याले. माही सासू बी इथंच टेकवे. उतरून ठेवाले जागा नाई दुसरी, अन् खाली ठेवली त उचलून देनार कोन?"

पुतण्या त्या खडकाकडे पाहत उभा राहिला. तो इतके दिवस त्याला नुसती झेपेची जागा समजत होता. त्याच्या मंडळाच्या पोरांनी मोबाइलमधल्या नकाशात त्या जागेला एक चमकदार इंग्रजी नाव दिले आहे. खडकाच्या माथ्यावर टायरांचे काळे पट्टे होते आणि त्यांच्याच शेजारी, कित्येक वर्षांच्या मोळ्यांनी घासून झालेला एक गुळगुळीत खोलगट भाग होता. तोही त्या दिवशी आम्ही दोघांनी पहिल्यांदाच पाहिला.

पुतण्याने लेख पुन्हा लिहायला घेतला आहे. अजून तो पुरा झालेला नाही, आणि पहिल्यासारखा सफाईदार होत नाही अशी त्याची तक्रार आहे. झेप तशीच ठेवावी की काढावी, हे त्याचे ठरत नाही. मी सांगितले की ठेव. झेप खरी होती आणि तिचा आनंदही खरा होता. फक्त खडकाचे नाव लिही.

मलाही नरनाळ्यावरचा लेख पुन्हा लिहायचा आहे. भाऊबीज झाली की शहानूरला जाऊन यायचे ठरवले आहे. तो माणूस आता असेल की नाही, कोण जाणे. पण त्याचे नाव ठाऊक असलेले कोणी तरी गावात भेटेल. म्हाइंभट असेच विचारत हिंडले होते.